पडद्यावरची गॅलरी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबईत काळा घोडा, फोर्ट आणि कुलाबा या पट्ट्यात चित्रांचा व्यवहार कित्येक दशकं चालत आला आहे. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये सुरू झाली. तिच्याच पहिल्या मजल्यावर १९६३ मध्ये केकू आणि खोरशेद गांधी यांनी केमोल्ड गॅलरी उघडली. अशा गॅलऱ्यांचा कारभार वर्षानुवर्षं स्टॉक रजिस्टर, चलनबुकं, व्हिजिटिंग कार्डांचे गठ्ठे आणि मालकांची स्मरणशक्ती यांच्या भरवशावर चालला. मग एक्सेल आलं, व्हॉट्सअ‍ॅप आलं. आता गॅलऱ्या व्यवस्थापनाचं अ‍ॅप मागतात. कोणतं चित्र कुठे आहे, कोणासाठी राखलं आहे, चित्रकाराचं देणं किती राहिलं आहे, हे सगळं त्यांना एका जागी हवं असतं.

या अ‍ॅपचा फ्रंटएंड, म्हणजे गॅलरीतली माणसं दिवसभर ज्या पडद्यांवर काम करतात तो भाग, बांधणं सोपं आहे असा समज सर्रास आढळतो. चार फॉर्म, एक यादी, सुंदर फोटो, झालं. प्रत्यक्षात हा धंदा दिलेल्या शब्दावर चालतो. चित्रकार विश्वासाने चित्र ठेवतो, ग्राहक विश्वासाने पैसे देतो आणि मध्ये गॅलरी उभी असते. पडद्याने या तिघांपैकी कोणालाही खोटी खात्री देऊ नये, ही माझ्या मते या कामाची पहिली अट आहे. नेहमी कानावर येणारे काही गैरसमज याच अटीच्या आड येतात.

गैरसमज १: गॅलरीचं अ‍ॅप म्हणजे ऑनलाइन दुकानच, फक्त शर्टांऐवजी चित्रं.

वस्तुस्थिती: दुकानातला माल दुकानदाराचा असतो आणि एकाच तऱ्हेचे शंभर नग असतात. गॅलरीत बहुतेक कलाकृती एकमेव असतात, आणि भिंतीवर टांगलेलं चित्र बहुधा गॅलरीच्या मालकीचं नसतं. ते चित्रकाराने कन्साइनमेंटवर, म्हणजे विक्रीसाठी विश्वासाने सोपवलेलं असतं. विकलं गेलं तर ठरल्याप्रमाणे वाटणी होते, नाही गेलं तर ते परत जातं.

करव्यवस्थेनेही हा फरक मान्य केला आहे. केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाने डिसेंबर २०१७ मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केलं, की चित्रकाराने प्रदर्शनासाठी गॅलरीकडे चित्र पाठवलं म्हणजे पुरवठा झाला असं नाही, कारण त्या वेळी कोणताही मोबदला दिला जात नाही. ग्राहकाने ते चित्र निवडलं की पुरवठा होतो आणि कर तेव्हा लागतो. तोपर्यंत सोबत असतं ते डिलिव्हरी चलन.

याचा पडद्याशी थेट संबंध आहे. चित्र दाखल करण्याचा फॉर्म ‘खरेदी’च्या साच्यात बसवला, तर पहिल्याच पायरीवर नोंद चुकते. फॉर्मने आधी विचारावं: चित्र कोणाच्या मालकीचं, कोणत्या करारावर आलं, कधीपर्यंत राहणार? मालकाचं नाव कलाकृतीच्या पानावर शीर्षकाइतकंच ठळक दिसावं. सगळ्या गॅलऱ्या एकाच पद्धतीने चालतात असंही नाही. जहांगीरसारख्या ठिकाणी कलावंत दालन भाड्याने घेऊन स्वतःचं प्रदर्शन मांडतो. खासगी गॅलरी ठरावीक चित्रकारांचं प्रतिनिधित्व करते. कुठे दालनाच्या तारखांचं कॅलेंडर हा अ‍ॅपचा कणा असतो, कुठे करार. कोणाचं काम हाती घेतलंय हे पहिल्या दिवशीच विचारून घ्यावं.

गैरसमज २: ‘उपलब्ध’ आणि ‘विकलं’ या दोन स्थिती पुरेशा आहेत.

वस्तुस्थिती: या दोन टोकांच्या मध्येच गॅलरीचा खरा धंदा चालतो. चित्र ग्राहकासाठी राखीव असतं. पहिल्याने नकार दिला तर दुसरा रांगेत असतो. चित्र ग्राहकाच्या घरी ‘अ‍ॅप्रूव्हल’वर गेलेलं असतं, म्हणजे भिंतीवर लावून बघा आणि मग ठरवा. ते फ्रेमवाल्याकडे असतं, संग्रहालयाला उसनं दिलेलं असतं, विकलं गेलंय पण पैसे यायचे असतात, पैसे आलेत पण प्रदर्शन संपेपर्यंत भिंतीवरच असतं.

उद्घाटनाची संध्याकाळ घ्या. दालनात गर्दी आहे. दाराजवळच्या सहायकाने एका दांपत्यासाठी टॅबवर ‘राखीव’ दाबलं. त्याच मिनिटाला आतल्या खोलीत मालकीणबाई फोनवर दिल्लीच्या जुन्या ग्राहकाशी बोलतायत आणि त्याच चित्रापुढचं ‘राखीव’ दाबतायत. सहायक आत येऊन म्हणतो, “मॅडम, ते मी आत्ताच होल्डवर टाकलंय.” तोपर्यंत फोनवर शब्द देऊन झालेला असतो.

इथे फ्रंटएंडची एक लोकप्रिय पद्धत घात करते. सर्व्हरचं उत्तर येण्याआधीच पडद्यावर काम झाल्याचं दाखवायचं आणि नंतर नकार आला तर गुपचूप मागे घ्यायचं, याला ऑप्टिमिस्टिक अपडेट म्हणतात. फोटोला लाइक देताना ती चालते. एकमेव चित्र राखताना तिला थारा देऊ नये. बटण दाबलं की ‘नोंदवत आहे’ असं दिसावं आणि सर्व्हरने होकार दिल्यावरच नाव आणि वेळ यांसह ‘राखीव’ उमटावं. प्रत्येक नोंदीला आवृत्ती क्रमांक असावा. पडद्याकडे जुनी आवृत्ती असेल तर सर्व्हरने ४०९ हा संघर्षाचा संकेत द्यावा आणि पडद्याने त्याचं माणसांच्या भाषेत रूपांतर करावं: ‘हे चित्र ७ वाजून ४२ मिनिटांनी दाराजवळच्या टॅबवरून राखलं गेलं आहे. तुमच्या ग्राहकाला दुसऱ्या क्रमांकावर ठेवायचं का?’ नुसतं ‘काहीतरी चुकलं’ असं लिहिणारा पडदा अशा वेळी माणसाला एकटं पाडतो.

अ‍ॅप्रूव्हलवर गेलेल्या चित्राला घड्याळही लागलेलं असतं. विक्री किंवा परतीच्या अटीवर पाठवलेल्या मालाचं बिल जीएसटी कायद्यानुसार पुरवठा होताना किंवा माल बाहेर पडल्यापासून सहा महिन्यांनी, यांत जे आधी असेल तेव्हा काढावं लागतं. म्हणून ‘अ‍ॅप्रूव्हलवर’ या शब्दाशेजारी उरलेले दिवस दिसायला हवेत. ती माहिती अहवालाच्या चौथ्या पानावर ठेवून उपयोग नाही.

गैरसमज ३: फोटो अपलोड झाला की चित्राचं काम संपलं.

वस्तुस्थिती: खरं काम तिथून सुरू होतं. यादीतले सगळे चौकोन सारखे दिसावेत म्हणून सीएसएसमध्ये ऑब्जेक्ट-फिटला ‘कव्हर’ ही किंमत देण्याची सवय असते. तिच्यामुळे चौकट भरते आणि चित्राच्या कडा कापल्या जातात. बुटाच्या फोटोत दोन बोटं पार्श्वभूमी गेली तर कोणाचं अडत नाही. चित्रात डाव्या कोपऱ्यातली सही गेली, वरची रिकामी जागा गेली, तर आपण चित्रकाराची रचनाच बदलली. इथे ‘कंटेन’च हवं. चित्र पूर्ण दिसलं पाहिजे, बाजूला मोकळी जागा राहिली तरी चालेल. आडव्या आणि उभ्या चित्रांची सरमिसळ झाली की यादी ओबडधोबड वाटते, पण प्रत्येक फोटोचं लांबी-रुंदीचं प्रमाण आधीच साठवलं तर ओळी नीट बसवता येतात आणि पान उघडताना मजकूर खालीवर उड्याही मारत नाही.

दुसरा प्रश्न वजनाचा. गॅलरीचा छायाचित्रकार ८,००० × ६,००० पिक्सेलचा फोटो देतो. फाइल कितीही दाबलेली असली तरी ब्राउझर ती उलगडतो तेव्हा दर पिक्सेलला चार बाइट्स लागतात, म्हणजे एका फोटोला सुमारे १९२ एमबी. अशी तीस चित्रं यादीत टाकली तर कोणताही फोन मान टाकेल. म्हणून वेगवेगळ्या रुंदीच्या प्रती तयार ठेवाव्यात, पडद्याला लागेल तीच मागवावी आणि खालची चित्रं तिथवर स्क्रोल होईपर्यंत आणूच नयेत. मूळ फाइल जपून ठेवावी, ती कॅटलॉगच्या छपाईला लागते. ग्राहकाला रंगाचे थर जवळून बघायचे असतील तर मोठ्या फोटोचे तुकडे पाडून लागेल तेवढेच दाखवण्याची पद्धत आहे. संग्रहालयं ती वापरतात आणि ट्रिपल-आयएफ हे त्यांचं खुलं मानक आहे.

रंगांची खात्री मात्र पडदा देऊ शकत नाही. फोटोसोबतची रंगाची प्रोफाइल आकार बदलताना पुसली गेली, तर लाल रंग फिका पडतो. ती जपणं आपल्या हातात आहे. पण प्रत्येक फोनचा पडदा वेगळा असल्याने ‘प्रत्यक्ष रंगांत फरक असू शकतो’ ही ओळ ग्राहकाला पाठवायच्या पानावर स्वच्छ लिहावी.

शेवटचं म्हणजे हक्क. चित्र विकत घेतल्याने त्याचा कॉपीराइट आपोआप मिळत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो हस्तांतरित करायचा तर लेखी करार लागतो. ‘सार्वजनिक करा’ या बटणामागे चित्रकाराची परवानगी नोंदलेली आहे की नाही, हे पडद्याने तपासायलाच हवं.

गैरसमज ४: शीर्षक, चित्रकार, साल, माप, किंमत. पाच रकाने, साधा फॉर्म.

वस्तुस्थिती: प्रत्येक रकान्यात काहीतरी दडलेलं असतं.

शीर्षकाचंच घ्या. नागपुरात जन्मलेल्या आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या वासुदेव गायतोंडे यांच्या कितीतरी चित्रांना शीर्षकच नाही. यादीत ‘शीर्षकहीन’ अशा एकाखाली एक ओळी आल्या तर त्यातलं नेमकं चित्र कोणतं, हे शीर्षकावरून कळणार नाही. म्हणून ओळख पटवायला हवा गॅलरीचा स्टॉक क्रमांक, आणि प्रत्येक ओळीत छोटा फोटो, साल आणि माप. शीर्षक सक्तीचं केलं तर माणसं मनाने काहीतरी लिहून मोकळी होतात आणि ते खोटं शीर्षक पुढे कॅटलॉगपर्यंत जातं.

सालाचा रकाना कॅलेंडरच्या चौकटीत बसवू नये. ‘१९६२ च्या सुमारास’, ‘१९७० चं दशक’, ‘तारीख नाही’ ही खरी उत्तरं आहेत. क्रम लावण्यासाठी आतून सुरुवातीचं आणि शेवटचं साल साठवा, पण माणसाने लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं दाखवा. कॅलेंडर दिलं की कोणीतरी नाइलाजाने १ जानेवारी निवडतो आणि अंदाजाचं प्रमाण होऊन बसतं.

मापांचा क्रम उंची, रुंदी, खोली असा ठेवण्याची रीत आहे. फॉर्मवर नुसते तीन डबे दिले तर ३६ × ४८ इंचांचं आडवं चित्र कोणीतरी उभं नोंदवतं, आणि मग ट्रकमध्ये पेटी मावत नाही. डब्यांवर शब्द लिहा, शेजारी मापानुसार बदलणारी छोटी चौकट काढा, फ्रेमसकट आणि फ्रेमविना ही मापं वेगळी ठेवा. इंचाचे सेंटिमीटर करताना २.५४ ने गुणा, पण मूळ कोणत्या एककात मोजलं तेही राखा.

मुद्राचित्रं आणि ब्राँझची शिल्पं यांच्या आवृत्त्या असतात. ३/९ म्हणजे नऊ प्रतींतली तिसरी. तिची जागा, किंमत, मालक हे सगळं चौथ्या प्रतीपेक्षा वेगळं असू शकतं. शिवाय कलावंताच्या स्वतःच्या प्रती वेगळ्या मोजल्या जातात. कलाकृती एक आणि प्रती अनेक, अशी दोन पातळ्यांची मांडणी पहिल्यापासून हवी. ती नंतर घालायची म्हटली तर जवळपास प्रत्येक पडदा पुन्हा लिहावा लागतो.

निर्यातीच्या रकान्यामागे तर कायदाच उभा आहे. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्याखाली शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंच्या निर्यातीवर बंधनं आहेत. राजा रवि वर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस अशा नऊ कलावंतांच्या कलाकृती राष्ट्रीय ठेवा मानल्या जातात आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर विकता येत नाहीत. परदेशातला पत्ता भरताच पडद्याने थांबून विचारलं पाहिजे. निर्णय माणसाने आणि वकिलाने घ्यायचा आहे, पण प्रश्न पुढे आणणं पडद्याचं काम आहे.

गैरसमज ५: पडद्यावर दाखवलं नाही, म्हणजे लपलं.

वस्तुस्थिती: ग्राहकाला पाठवलेल्या पानावर किंमत सीएसएसने झाकली, तरी ती ब्राउझरपर्यंत पोहोचलेलीच असते. डेव्हलपर टूल्स उघडणाऱ्या कोणालाही ती दिसते. सर्व्हरकडून आलेल्या त्याच माहितीत (जेसनमध्ये) चित्रकाराचा वाटा आणि आधीच्या मालकाचं नाव असेल, तर गॅलरीचा शब्द तिथेच मोडला. ज्याला जे दिसायला नको, ते सर्व्हरवरून निघायलाच नको. खासगी दुव्याला मुदत हवी आणि तो रद्द करायची सोय हवी. ग्राहकांचे फोन नंबर आणि पत्ते यांची जबाबदारी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यानेही गॅलरीवर टाकली आहे.

गैरसमज ६: हिशेब बॅकएंड करतो, पडद्याने फक्त आकडा दाखवायचा.

वस्तुस्थिती: सूट टाइप करताच ग्राहकासमोर बदलणारा आकडा पडदाच काढतो. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. म्हणून रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवावी आणि रुपये फक्त दाखवताना करावेत. साडेबारा लाखांचा आकडा १२,५०,००० असाच दिसला पाहिजे. परदेशी घाटाने १,२५०,००० लिहिलं तर वाचणारा अडखळतो. ब्राउझरमध्ये भारतीय पद्धतीची अंकमांडणी तयार मिळते, ती वापरावी.

कराचा दर कोडमध्ये कोरू नये. चित्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. दर कोरलेला असेल तर त्या दिवशी नवं बिल चुकतं, आणि दर बदलताच जुनी बिलंही नव्या दराने दिसू लागतात. ते त्याहून वाईट. दर तारखेला बांधलेला हवा, आणि एकदा दिलेलं बिल जसं दिलं तसंच कायम दिसायला हवं.

विक्रीच्या पानावर आणखी एक ओळ मी आग्रहाने ठेवतो: चित्रकाराचं देणं, किती आणि कधीपर्यंत. गॅलरीला आलेला पैसा ठळक आणि चित्रकाराला द्यायचा पैसा तीन क्लिकमागे असेल, तर देणं मागे पडतं. यात कोणाची नियत वाईट असते असं नाही, डोळ्यांसमोर नसलेलं काम मागे पडतंच.

गैरसमज ७: देवनागरी फॉन्ट लावला की अ‍ॅप मराठी झालं.

वस्तुस्थिती: शोध आणि छपाई, या दोन ठिकाणी ते अडतं. एकाच चित्रकाराचं नाव कोणी ‘रझा’ लिहितो, कोणी हिंदी वळणाने ‘रज़ा’, कोणी रोमन लिपीत. नुक्त्याचं अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठवलं जाऊ शकतं. डोळ्याला सारखं दिसतं, तुलना केली तर वेगळं निघतं. ‘ऱ’चंही तसंच. त्यामुळे शोधण्याआधी दोन्ही बाजूंचा मजकूर युनिकोडच्या एकाच रूपात आणावा आणि प्रत्येक नावाला पर्यायी लेखनांची यादी जोडावी.

छपाईचं दुखणं त्याहून मोठं आहे. प्राइस लिस्ट, भिंतीवरचं लेबल आणि चलन ही गॅलरीची रोजची कागदपत्रं. ब्राउझरमध्येच पीडीएफ बनवणाऱ्या कित्येक लायब्ररींना अक्षरं जुळवता येत नाहीत. जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी व्यंजनाच्या पुढे जाऊन बसते. चित्रकाराचं नाव त्याच्याच प्रदर्शनात मोडक्या अक्षरांत लागणं हा त्याचा अपमान आहे. ब्राउझरच्या स्वतःच्या छपाईचा किंवा अक्षरजुळणी नीट करणाऱ्या यंत्रणेचा आधार घ्या, आणि ‘ज्ञ’, ‘क्ष’, ‘र्‍य’, ‘ट्रि’ असलेली नावं कागदावर छापून बघितल्याशिवाय काम पूर्ण समजू नका.

गैरसमज ८: आजकाल नेट सगळीकडे असतं.

वस्तुस्थिती: गोडाऊनमध्ये नसतं. पोटमाळ्यावर चढून रॅकमधली चित्रं मोजणाऱ्या माणसाच्या फोनवर रेंजची एक काडीही दिसत नाही. त्याने पन्नास चित्रं मोजावीत आणि एकही जतन होऊ नये, असं घडलं तर तो पुन्हा अ‍ॅपला हात लावणार नाही, वहीच काढेल. मोजदाद आणि जागाबदल या नोंदी फोनमध्येच साठवून नंतर पाठवता आल्या पाहिजेत, आणि ‘अजून पाठवायच्या आहेत’ हा आकडा कायम समोर दिसला पाहिजे. राखणं आणि विकणं मात्र नेटशिवाय होऊच देऊ नये. कारण वरचंच: चित्र एकच आहे.

गैरसमज ९: कलेचं अ‍ॅप आहे, तर पडदाही कलात्मक हवा.

वस्तुस्थिती: पांढऱ्यावर फिकट करडी, बारीक अक्षरं कॅटलॉगमध्ये शोभतात. दिवसभर काम करणाऱ्या साठीच्या हिशेबनीसांना ती वाचता येत नाहीत. सुगम्यतेचं डब्ल्यूसीएजी मानक साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ असा उजेड-अंधाराचा फरक मागतं. ‘विकलं’ दाखवायला नुसता लाल ठिपका पुरत नाही. लाल-हिरवा न ओळखणाऱ्यांसाठी शेजारी शब्दही हवा. पडद्यावर चित्र उठून दिसावं, बाकी सगळ्याने स्वच्छ आणि वाचनीय राहावं. या कामातली सौंदर्यदृष्टी ती हीच.

मग सुरुवात कुठून?

डॅशबोर्ड आणि आलेख मागे ठेवा. आधी एका कलाकृतीचं पान बांधा आणि त्याने तीन प्रश्नांची उत्तरं नजरेच्या एका फेरीत द्यावीत: हे कोणाचं आहे, आत्ता कुठे आहे, कोणाला शब्द दिला आहे? ते पान स्टॉक रजिस्टर सांभाळणाऱ्या माणसासमोर ठेवा आणि त्यांना एक खरं चित्र दाखल करण्यापासून परत पाठवण्यापर्यंत चालवून बघू द्या. त्यांचा हात जिथे थबकेल, तिथे आपला पडदा काहीतरी चुकीचं विचारतोय किंवा खरं सांगत नाहीये. ते आधी दुरुस्त करा.

अ‍ॅप चांगलं झालं की नाही, हे चित्रकाराला विचारावं. दोन वर्षांपूर्वी दिलेलं आपलं चित्र कुठे आहे आणि आपले पैसे कधी मिळणार, याचं उत्तर त्याला एका फोनवर, कोणी शोधाशोध न करता मिळायला हवं. तो त्याचा हक्क आहे, आणि तो पुरा करणं पडदा बांधणाऱ्याच्याही हातात आहे.